बुधवारची विनंती

"एका मुलीच्या वडिलांसाठी प्रार्थना करायची आहे," मी म्हणाले. "नाव मात्र सांगत नाही."

"नकोच सांगूस," दीनाबाई वहीतून मान वर न काढता म्हणाल्या. "प्रभूला ठाऊक असतं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मलाही ते उत्तर मनापासून आवडलं.

ही गोष्ट १९९१ च्या सप्टेंबरमधली. हॅनफोर्ड कॉलेज मिशनचं. तिथल्या वाचनालयात दर बुधवारी चार वाजता आम्हा प्राध्यापकांची प्रार्थना सभा भरायची. आधी चहा आणि खारी, मग एक गीत, मग विनंत्या. ज्याला ज्याच्यासाठी प्रार्थना हवी त्यानं ते सर्वांसमोर सांगायचं आणि ग्रंथपाल दीनाबाई पारखे यांनी ते लांबट वहीत उतरवून घ्यायचं, अशी पद्धत. वहीला तीन रकाने होते: तारीख, विनंती आणि उत्तर. कुणाचा मुतखडा पडला, कुणाच्या भाचीचं लग्न ठरलं, की दीनाबाई तिसऱ्या रकान्यात लाल शाईनं 'मिळालं' असं लिहीत. रिकामा रकाना त्यांना बघवत नसे. माणसाला जिन्यात गाठून त्या विचारत, "अगं, तुझ्या आतेबहिणीचं काय झालं? राहिलंय ते माझ्याकडे."

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, मानसशास्त्र शिकवत होते आणि नाकावर माशी बसू देत नव्हते. तीन महिन्यांपूर्वीच मी प्राचार्यांच्या मागे लागून खेळाच्या सामानाची जुनी खोली रिकामी करून घेतली होती. दोन खुर्च्या, एक टेबल, खिडकीला पडदा आणि दारावर पाटी: समुपदेशन केंद्र. इतिहासाचे एक प्राध्यापक सभेतच म्हणाले होते, "पाळक आहेत, प्रार्थना आहे, आता हे नवं खूळ कशाला?" तीन महिन्यांत त्या खोलीत एक विद्यार्थी येऊन गेला होता, तोही हरवलेला फुटबॉल शोधायला.

म्हणून त्या बुधवारी माझ्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी आहे, याचा मला आतून थोडा आनंदच झाला होता. हे मी आज कबूल करते. तेव्हा मला ते काळजीसारखं वाटत होतं.

"कशासाठी प्रार्थना करायची?" प्राचार्य चक्रनारायण सरांनी विचारलं.

"डोळ्यांसाठी, सर. वडिलांची दृष्टी जवळजवळ गेलीय. ते सेवेत आहेत, त्यामुळे घरच्यांनी झाकून ठेवलंय. मुलीवर त्याचा फार ताण येतोय."

एवढंच बोलले. नाव नाही, गाव नाही, वर्ग नाही. पुढे कितीतरी वर्षं मी ती वाक्यं मोजत राहिले, त्यातला कुठला शब्द जास्तीचा होता ते शोधत राहिले.

सरांनी डोळे मिटले. प्रार्थना करावी तर त्यांनीच. आवाज खालच्या पट्टीत, शब्द जिव्हाळ्याचे. "हे प्रभू, खेड्यात तुझा कळप राखणाऱ्या या सेवकावर दया कर. त्याच्या लेकरावर दया कर, जे आपलं ओझं एकटंच वाहतंय..." 'सेवेत' हा माझा शब्द होता; आमच्यात तो पाळकांसाठीच वापरतात. 'खेड्यात' आणि 'कळप' सरांनी आपल्याकडून घातले. आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा टेबलाभोवतीच्या चार-पाच जणांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पटकन नजर चहाच्या कपांकडे वळवली. दीनाबाईंनी वही मिटली.

आमच्या कॉलेजात तेव्हा पाळकांच्या मुली तीन होत्या. दोघींचे वडील शहरात होते.

तिसरी तबिथा खरात. तिसऱ्या वर्षाला, मुख्य विषय मानसशास्त्र. काळी, उंच, कमी बोलणारी. वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची आणि सोमवारी हमखास पेंगायची. दर शनिवारी दुपारी बाराच्या एसटीनं ती गावी, खांडवीला जायची आणि रविवारी संध्याकाळी हॉस्टेलवर परतायची. मी तिला एकदा टोमणाही मारला होता, "गावात शेती करतेस की काय?"

आमच्या विषयात प्रात्यक्षिकं असतात. विद्यार्थ्यानं एखादं माणूस समोर बसवून त्याच्यावर प्रयोग करायचा, आकडे मांडायचे आणि जर्नल लिहायचं. ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला आम्ही 'प्रयोज्य' म्हणतो. शेवटी प्रयोज्यानं मनात काय काय झालं ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं असतं. बहुतेक मुलं तो भाग घरी बसून आपणच ठोकून देतात, "मला प्रयोग आवडला" वगैरे. त्या सत्रातला प्रयोग पाठांतराचा होता. एक उतारा तुकड्यातुकड्यानं पाठ करायचा आणि दुसरा सबंध, म्हणजे कुठल्या पद्धतीनं लवकर होतो ते कळतं.

प्रयोगाच्या आधी तबिथानं मला व्हरांड्यात थांबवून विचारलं होतं, "मॅडम, मोठ्या माणसाला आठवड्यात जास्तीत जास्त किती पाठ करता येतं?"

"माणसावर आहे. का गं?"

"सहजच."

मग तिचं जर्नल आलं. प्रयोज्य: पुरुष, वय ५४. चाळीस ओळींचा उतारा, आणि बाकीच्यांच्या प्रयोज्यांना अकरा-बारा वेळा ऐकावा लागला तो या गृहस्थांनी तीन वेळांत बिनचूक म्हटला. मी मनाशी म्हटलं, ही आकडे बनवते आहे. खोट्या आकड्यांची मला फार चीड. मी तिला बोलावणं पाठवलं. प्रयोगशाळेत मुलं होती म्हणून माझ्या नव्या खोलीत बसवलं आणि जर्नल पुढ्यात आपटलं.

"हे आकडे खोटे आहेत."

"नाही, मॅडम."

"चोपन्न वर्षांचा माणूस तीन वेळांत चाळीस ओळी? मला शिकवतेस?"

"शेवटचं पान वाचा ना, मॅडम."

मी ते पान वाचलंच नव्हतं. त्यावर बारीक, सरळ अक्षरात होतं: "मला ओळी दिसत नाहीत, ऐकू येतात. वाचणारी जिथे श्वास घेते तिथे माझा परिच्छेद संपतो. चूक झाली तर वाचणारीचा श्वास अडकतो, त्यावरून मला कळते."

"हे कोण?"

"पप्पा," ती म्हणाली आणि रडायला लागली.

तिचे वडील, रेव्हरंड शमुवेल खरात, खांडवीच्या मंडळीचे पाळक. काचबिंदू. एक डोळा आधीच गेला होता, दुसऱ्याचं दीड वर्षापूर्वी संपलं होतं. उजेड-अंधार कळायचा, अक्षर नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही. आणि आमच्या भागातल्या मंडळ्यांचा कारभार बघणाऱ्या परिषदेचा नियम होता: ज्याला शास्त्र वाचता येत नाही त्यानं वेदीवरून उतरायचं. तबिथा दर शनिवारी घरी जाऊन रविवारचा शास्त्रपाठ वडिलांना वाचून दाखवायची, उपदेश लिहून काढायची, गीतांचे क्रमांक पाठ करून घ्यायची. रविवारी ते पुस्तक उघडून उभे राहायचे आणि सगळं डोक्यातून म्हणायचे. पान उलटायची जागासुद्धा ठरलेली.

"गावात कुणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"कुणालाच नाही. मी, मम्मी आणि पप्पा. मार्चपर्यंत, मॅडम. फक्त मार्चपर्यंत. माझी परीक्षा झाली की मिशनच्या शाळेत मला घेणार आहेत, हेडबाईंनी शब्द दिलाय. मग पप्पा आपणहून राजीनामा देतील. आत्ता कळलं तर घर जाईल, ते पाळकांचं घर आहे. माझं हॉस्टेल माफ आहे, तेही जाईल." तिनं नाक पुसलं आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं. "तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?"

"ही खोली कशासाठी आहे?" मी म्हणाले. "इथलं इथेच राहतं."

हे सोमवारी झालं आणि बुधवारी मी विनंती सांगितली.

गुरुवारी सकाळी चक्रनारायण सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते परिषदेचे सचिवही होते.

"आढावबाई, खरातच ना?"

मी काही बोलले नाही. समोरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. गप्प बसणं हेही एक उत्तर असतं, असं मी वर्गात दरवर्षी शिकवत होते.

"भला माणूस आहे तो," सर म्हणाले. "त्याला त्रास होईल असं मी काही करणार नाही. पण मला कळलंय म्हटल्यावर मी डोळे मिटून कसा बसू?"

शुक्रवारी तबिथा वर्गात तिसऱ्या बाकावर होती. तास संपल्यावर ती माझ्याकडे बघून हसली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा हसली असेल. मी तिला सांगायला हवं होतं. पुस्तकं उचलली आणि बाहेर पडले. मनाची समजूत घातली की सर भले आहेत, सगळं नीटच होईल.

शनिवारी दुपारी दोन वाजता शिपाई निरोप घेऊन आला: उद्या सकाळी सात वाजता जीप, खांडवी, सर म्हणालेत तुम्हीही चला. मी तडक हॉस्टेलवर गेले. बाराची एसटी कधीच गेली होती. खांडवीत फोन नव्हता. रविवारी सकाळी मी जीपमध्ये बसले.

सर वाटभर प्रसन्न होते. "आधी स्वतःच्या नजरेनं बघू," ते म्हणाले. "कदाचित लोक म्हणतात तितकं नसेलही."

लोक म्हणजे मीच.

खांडवीचं देऊळ, म्हणजे आमचं चर्च, लहानसं, काळ्या दगडाचं, वर पत्रा. पाळकांच्या घरापासून देवळापर्यंतच्या पायवाटेला दोन्ही बाजूंनी चुन्यानं रंगवलेले दगड लावलेले. दाराशी मी चप्पल काढायला थांबले आणि नवल वाटलं. शंभरेक माणसांच्या चपला भिंतीला लावून, एका ओळीत, जोडीजोडीनं ठेवलेल्या, आणि वाट झाडूनपुसून मोकळी. इतकी शिस्त मी शहरातल्या देवळातही पाहिली नव्हती. सरसुद्धा म्हणाले, "वा!"

तबिथा दारातच उभी होती. तिनं जीपकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओरडली नाही, रडली नाही. वळून आत गेली आणि बायकांच्या बाजूला सतरंजीवर आईशेजारी बसली.

खरात पाळक पांढरा झगा घालून आले. ताठ, चेहरा शांत. पायरीशी अडखळले नाहीत. जाडजूड काळं पुस्तक वेदीवर उघडून त्यांनी स्तोत्र वाचलं. मला सगळं ठाऊक असूनही क्षणभर वाटलं, तबिथानं मला फसवलं तर नाही? त्यांचं बोट ओळीवरून सरकत होतं. एके जागी त्यांनी पान उलटलं आणि वाक्य न तोडता पुढे गेले. मी तबिथाकडे पाहिलं. ती श्वास धरून बसली होती. त्यांनी स्तोत्र संपवलं तेव्हा तिनं तो सोडला.

मग चक्रनारायण सर उठले. दोन शब्द बोलले, गावाचं कौतुक केलं आणि कोटाच्या खिशातून बंद पाकीट काढलं. परिषदेची परिपत्रकं अशीच येत. पाळकानं ती लोकांसमोर फोडायची आणि वेदीवरून वाचून दाखवायची, हा जुना रिवाज होता.

"पाळकसाहेब, परिपत्रक आलंय," सर म्हणाले आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं.

सरांनी ते मुद्दाम आणलं होतं की ते वाटायचंच होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

खरात पाळकांनी पाकीट फोडलं. कागदाची घडी उलगडली आणि दोन्ही हातांनी समोर धरली. टाइप केलेली बाजू आमच्याकडे होती.

कुणी खोकलं नाही. एक तान्हं मूल कुरकुरत होतं, तेही गप्प झालं. पाळकांचे ओठ थोडे हलले, जसं काही कुठून तरी पहिला शब्द येईल म्हणून ते वाट बघत होते. मला वाटलं, उठावं आणि तो कागद ओढून घ्यावा. पण मी बसून राहिले.

बायकांच्या बाजूनं एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकत उठली. गयाबाई तिचं नाव, हे मला नंतर कळलं. चष्मा दोऱ्यानं बांधलेला, लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतलेला.

"पाळकसाहेब, त्यो कागद हिकडं द्या," ती म्हणाली. "परिषदेचं कागद आमीच वाचतो हितं. तसंच ठरलंय."

"कधीपासून?" सरांनी विचारलं.

"लई दिस झालं."

"दीड वरीस झालं, सर," पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं.

"व्हय, दीड वरीस," आणखी एकजण म्हणाला. आणि मग बरेचजण पुटपुटले, दीड वरीस, दीड वरीस.

गयाबाई वेदीपर्यंत चालत गेली, पाळकांच्या हातातून कागद घेतला आणि डोळ्यांजवळ धरला. मग लांब धरला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो मुकाट्यानं आपल्या सुनेच्या हातात दिला आणि सुनेनं एकेक अक्षर लावत तो वाचला. सुगीच्या सणाची वर्गणी आणि जिल्ह्याच्या अधिवेशनाची तारीख, एवढंच होतं त्यात.

वाचून झालं तरी पाळक तसेच उभे होते, हात अजून कागद धरल्यासारखे.

"गयाबाई," ते म्हणाले, "तुम्हांला ठाऊक होतं?"

"समद्यास्नीच ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"तुमी सायकल सोडलीत तवापासनं. ते दगुड काय आमी नटवाया रंगीवले? चपला भितीला लावतो त्या तुमच्या पायात येऊ नयेत म्हून. पोरांस्नी दम दिलाय, वाटंत गोट्या खेळायच्या न्हाईत." तिनं पदरानं तोंड पुसलं. मग सरांकडे वळून, जरा घाबरूनच, म्हणाली, "आमी कुनाला बोल्लो न्हाई, सायेब. गावाच्या भायेर येक सबूद न्हाई गेला."

शंभर माणसं होती ती. त्यांतल्या निम्म्यांना सही करता येत नव्हती. कुणी त्यांना गुप्तता म्हणजे काय हे शिकवलं नव्हतं, कुणाच्या दारावर पाटी नव्हती. दीड वर्ष. आणि माझ्याच्यानं दोन दिवस धरवलं नव्हतं. मला तिथे, त्या सतरंजीवर, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या वाटेत सर म्हणाले, "मला कळलं नसतं तर बरं झालं असतं, आढावबाई. आता सगळ्यांदेखत कळलंय." त्यांचा आवाज ओलसर होता. ते खरंच भले गृहस्थ होते. परिषदेपुढे त्यांनी खरातांची बाजू मांडली, तबिथाचं हॉस्टेल मार्चपर्यंत माफ राहील असं करून घेतलं. पण नियम नियमच होता. डिसेंबरअखेर खरात पाळक निवृत्त झाले. घर सोडावं लागलं. गयाबाईनं आपली पडवी बंद करून त्यांना दोन खोल्या करून दिल्या.

त्या सोमवारी तबिथा माझ्या खोलीच्या दारात आली. आत आली नाही, उंबऱ्यापलीकडेच उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"मी तुझं नाव घेतलं नव्हतं, तबिथा. मी फक्त प्रार्थना मागितली."

ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"देवाला सांगायचं होतं," ती म्हणाली, "तर मोठ्यानं कशाला सांगितलंत?"

ती जायला वळली.

"पप्पांना पगाराचं तितकं नव्हतं, मॅडम," जाता जाता ती म्हणाली. "त्यांना रविवारी उभं राहायचं असायचं."

ती मार्चपर्यंत माझ्या प्रत्येक तासाला बसली, तिसऱ्याच बाकावर. वहीत सगळं उतरवून घ्यायची. परीक्षेत कॉलेजात दुसरी आली. पण त्या खोलीत तिनं पुन्हा पाऊल ठेवलं नाही, आणि मी तिला ये म्हणायचं धाडस केलं नाही.

त्यानंतरच्या बुधवारी दीनाबाईंनी माझी पाळी आल्यावर विचारलं, "सुहास, तुझी काय विनंती?"

"माझी काही विनंती नाही," मी म्हणाले.

पुढच्या बुधवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. सर्वांसमोर दुसऱ्याविषयी काही बोलायचंच नाही, असा नियम करा, म्हणून मी एकदा प्रस्ताव मांडला. तो हाणून पाडला गेला आणि दीनाबाई माझ्याशी पंधरा दिवस बोलल्या नाहीत. "अगं, मग प्रार्थना कशाची करायची? हवापाण्याची?" शेवटी ज्याची त्याला मुभा, असं ठरलं. मी दर बुधवारी जात राहिले, खारी खात राहिले, डोळे मिटत राहिले आणि पाळी आली की तेच वाक्य म्हणत राहिले. काहींना मी शिष्ट वाटले. एक पाहुणे पाळक मला बाजूला घेऊन हळूच विचारते झाले, बाई, तुमचा विश्वास थंडावला आहे का? मी म्हटलं, नाही, फक्त आवाज खाली आणलाय.

वर्षं गेली. खेळाच्या खोलीशेजारची खोलीही केंद्राला मिळाली. समुपदेशनाची पदविका सुरू झाली, मी तिची प्रमुख झाले. दरवर्षी चाळीस मुलं. त्यांना मी गुप्ततेवर चार तास शिकवते आणि खांडवीचं नाव काढत नाही. चक्रनारायण सर गेले. दीनाबाई निवृत्त झाल्या तेव्हा वही नव्या ग्रंथपालांकडे देण्याआधी मी ती मागून घेतली आणि सप्टेंबर १९९१ चं पान काढलं. "एका मुलीच्या वडिलांचे डोळे. आढाव." उत्तराचा रकाना रिकामा होता. दीनाबाईंनी त्याबद्दल मला जिन्यात एकदाही गाठलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

२००९ चा जुलै. केंद्राच्या दारात एक मुलगी घुटमळत होती. पहिल्या वर्षाची असावी, नवी कोरी सॅक पोटाशी धरलेली.

"आढाव मॅडम तुम्हीच ना?"

"हो. कोण तू?"

"मी खांडवीची. आमच्या शाळेच्या खरातबाईंनी पाठवलंय. तबिथाबाईंनी."

मी हातातला खडू टेबलावर ठेवला. अठरा वर्षांत तिचं एक पत्र नव्हतं. मी खांडवीला त्यानंतर एकदाच गेले होते, तिच्या वडिलांच्या दफनाला, आणि लोकांच्या मागे उभी राहून परत आले होते.

"काय म्हणाल्या बाई?"

मुलगी पाठ केल्यासारखं म्हणाली, "म्हणाल्या, तुझ्या मनात जे आहे ते त्या खोलीत जाऊन सांग. त्या मॅडम आता कुणाला सांगत नाहीत."

मी तिला बसायला सांगितलं. खिडकीचा पडदा सारखा केला. बुधवारचं माझं वाक्य खांडवीपर्यंत कुणी पोहोचवलं, कोण जाणे.

"इथलं इथेच राहतं ना, मॅडम?" तिनं विचारलं.

एके काळी या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडावर तयार असायचं. त्या दिवशी मी आधी उठले, दार लावून घेतलं, खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि मग म्हणाले, "हो."

ती तासभर बोलली.

हे सगळं मी लिहिते आहे ते तबिथाला विचारून. "आता पप्पा नाहीत. लिहा," ती म्हणाली. "पण गयाबाईचं नीट लिहा." त्या मुलीला मात्र मी विचारलेलं नाही, म्हणून ती काय बोलली ते इथे येणार नाही.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. चार वाजता वाचनालयात सगळे जमले. गीत झालं. एकेकाच्या विनंत्या झाल्या: एकाच्या आईचा गुडघा, एकीच्या मुलाची मुलाखत. नव्या ग्रंथपालबाईंनी पेन सरसावून माझ्याकडे पाहिलं. माझ्या छातीत ती मुलगी, तिची सॅक, तिचं एकेक वाक्य दाटून आलं होतं. सांगितलं असतं तर जरा हलकं वाटलं असतं.

"माझी काही विनंती नाही," मी म्हणाले आणि डोळे मिटले.